दरमहा ७५ रुपये आणि एक अवघड प्रश्न: टिळक-गोखल्यांच्या समित्यांकडून आपण काय शिकायचे?

१/ आजचा धागा दीर्घ आहे आणि त्यात लढाई नाही, किल्ला नाही, तहही नाही. आहेत त्या समित्या, सभासद, ठराव, राजीनामे आणि निवडणुका. कोणी पगार देत नसताना, केवळ आवडीपोटी एकत्र येणारी माणसे संस्था कशी चालवतात, आणि ती चालवताना नीतीचे प्रश्न कोठे उभे राहतात, हा आजचा विषय. माझे मत आरंभीच सांगतो. विनावेतन कामाला नियम नकोत, ही आपल्याकडची एक गोड समजूत आहे. तिने आपल्या अनेक चांगल्या संस्थांचे नुकसान केले आहे.

२/ या विषयाकडे वळण्याचे कारण घरचे आहे. सावर्डे परिसरात आम्हा काही इतिहासप्रेमींचे एक लहानसे मंडळ आहे. महिन्यातून एकदा बैठक, पावसाळा संपला की एखादी भटकंती, वर्षातून दोन व्याख्याने, एवढाच त्याचा व्याप. गेल्या वर्षी बाहेरगावच्या एका कार्यक्रमात मी कोकणच्या इतिहासावर बोललो. निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावाखाली मंडळाचे नाव होते. मानधनाचे पाकीट मिळाले, ते मी घरी नेले. पुढच्या बैठकीत आमचे खजिनदार, जे निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी शांतपणे विचारले, "अरे, ते पैसे तुझे की मंडळाचे?"

३/ मी दुखावलो. "गुरुजी, अभ्यास माझा, प्रवासखर्च माझा, बोललोही मीच," असे उत्तर दिले. गुरुजी म्हणाले, "ते खरेच आहे. पण बोलावणे कोणाच्या नावाने आले होते?" उत्तर माझ्यापाशी नव्हते. त्यांच्यापाशीही नव्हते, कारण आमच्या मंडळात याविषयी नियमच नव्हता. बैठक कडवटपणे संपली. दोन सभासद पुढच्या बैठकीला आले नाहीत. रक्कम तशी क्षुल्लकच होती, परंतु तिने मंडळ जवळजवळ मोडले. त्या रात्री मला आठवला तो १८९० मधला पुण्याचा एक वाद.

४/ त्या वादातील प्रमुख माणसे आमच्याच जिल्ह्यातली. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ मध्ये कोतळूकचा, आजच्या गुहागर तालुक्यातला. बाळ गंगाधर टिळक १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मले. त्यांचे मूळ गाव दापोली तालुक्यातील चिखलगाव. पुढे या कथेत येणारे धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ मध्ये खेड तालुक्यातील शेरवलीचा आणि त्यांचे घर दापोलीजवळच्या मुरूडचे. सावर्ड्याहून निघाले तर ही सारी गावे आपल्या नेहमीच्या भटकंतीच्या टापूत येतात. शिक्षणासाठी घाट चढून गेलेल्या या माणसांनी पुण्यात आणि पुण्याबाहेर ज्या संस्था चालवल्या, त्यांच्यावर आजही आपल्या सार्वजनिक जीवनाचा काही भार उभा आहे.

५/ टिळक आणि गोखले म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या पुस्तकातला तक्ता येतो. एका रकान्यात जहाल, दुसऱ्यात मवाळ. परंतु त्यांच्यातील पहिला मोठा संघर्ष इंग्रज सरकारविषयी नव्हता. दोघेही एकाच शिक्षणसंस्थेचे सभासद होते आणि प्रश्न होता तो सभासदाने आपला वेळ व कष्ट कोणाला द्यायचे आणि बाहेरून काय घ्यायचे, हा. आजच्या भाषेत तो व्यवसायनीतीचा प्रश्न होय. हा वाद समजून घेतल्यावाचून पुढचे राजकारण अर्धेच समजते, असे माझे मत आहे.

६/ थोडे मागे जाऊ. पुणे सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. तिच्या जन्मामागे पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असलेला असंतोष होता. पंच मंडळी देवस्थानचा व्यवहार नीट पाहत नाहीत, अशी तक्रार होती; पण ती मांडायची कोणी आणि कोणाच्या वतीने? 'सार्वजनिक काका' म्हणून प्रसिद्ध असलेल्या गणेश वासुदेव जोशी यांनी यावर जी युक्ती काढली ती आजही स्तिमित करते. सभेचा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढ माणसांचे सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. आरंभीच्या ९५ सभासदांच्या मागे अशी सुमारे ६,००० माणसे होती.

७/ म्हणजे आपल्याकडची ही सार्वजनिक संस्था जन्मली तीच एका समितीच्या कारभाराला जाब विचारण्यासाठी. आणि जाब विचारणाऱ्याने आधी आपला अधिकार सिद्ध करावा, ही अट तिने स्वतःवर घालून घेतली. १८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यास आले आणि सभेच्या कामाला अभ्यासाची बैठक लाभली. १८७८ पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. दुष्काळ, जमीनमहसूल, व्यापार, उद्योग यांवरील त्यातले बरेचसे लेखन रानड्यांचे. मात्र त्यावर त्यांचे नाव नसे, कारण ते सरकारी नोकर होते.

८/ येथे क्षणभर थांबावे. न्यायासनावर बसलेला माणूस सरकारच्या धोरणाची चिकित्सा करणाऱ्या संस्थेचा बौद्धिक आधार होता. ती लोकसेवा होती, यात मला शंका नाही. सरकारला मात्र संशय होता आणि त्या काळात रानड्यांची नाशिकला व पुढे धुळ्याला बदली झाली. एकाच माणसाच्या अंगावर दोन जबाबदाऱ्या आल्या की नीतीचा प्रश्न आपोआप निर्माण होतो. माणूस सज्जन आहे म्हणून तो नाहीसा होत नाही. उलट सज्जनांच्या संस्थेत तो उच्चारायला सर्वांनाच संकोच वाटतो आणि तो आत दबून राहतो.

९/ आता शाळेकडे वळू. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी टिळक आणि माधवराव नामजोशी यांच्या साथीने न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. गोपाळ गणेश आगरकर पुढल्या वर्षी येऊन मिळाले. १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय. याच वर्षी तरुण गोखले शाळेत शिक्षक म्हणून आले आणि लवकरच सोसायटीचे आजीव सभासद झाले.

१०/ आजीव सभासद ही कल्पना नीट समजून घ्यायला हवी. सभासदाने संस्थेला सुमारे २० वर्षांची सेवा द्यायची. त्याबदल्यात बेताचे वेतन. पुढे ते दरमहा ७५ रुपये ठरले. या पदवीधरांना सरकारी नोकरीत किंवा वकिलीत याच्या कितीतरी पट मिळाले असते. आणि शाळा चालवणारे मंडळही याच आजीव सभासदांचे. शिकवणारेच चालक, चालकच नोकर. वर मालक नाही, खाली चाकर नाही. संस्थेचे सामर्थ्य यातच होते आणि दुखणेही. चुकणाऱ्याला विचारणार कोण? तर त्याच्याच शेजारच्या वर्गात शिकवणारा मित्र.

११/ ठिणगी पडली ती बाहेरच्या कामावरून. टिळकांचे म्हणणे असे की आजीव सभासदाने आपली सारी शक्ती संस्थेला द्यावी. बाहेर उत्पन्नाची कामे करू नयेत, वेळ वाटून टाकू नये. त्यांच्यापुढे जेझुइट धर्मसेवकांच्या सर्वस्वत्यागाचा आदर्श होता. सोसायटीतल्या इतर काहींचे म्हणणे असे की ठरलेले काम चोख झाल्यावर उरलेल्या वेळेचा मालक ज्याचा तो. ७५ रुपयांत संसार ओढणाऱ्याने एखादे पाठ्यपुस्तक लिहून चार पैसे मिळवले तर त्यात पाप कोणते?

१२/ १८९० मध्ये गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले. हे काम मोठे आणि वेळखाऊ. टिळकांनी त्यास हरकत घेतली. सोसायटीच्या मंडळात चर्चा झाल्या, कडवटपणा वाढला आणि वर्षअखेरीस टिळकांनी आपली भूमिका विस्ताराने मांडणारा प्रदीर्घ राजीनामा देऊन संस्था सोडली. ज्या शाळेच्या पायाभरणीत त्यांचे हात होते, ती त्यांनी दहा वर्षांनी सोडली. गोखले मात्र तेथेच राहिले आणि १९०२ पर्यंत शिकवत राहिले.

१३/ बरोबर कोण होते? माझे उत्तर असे: प्रश्न टिळकांचा योग्य होता, पण तो विचारण्याची वेळ निघून गेली होती. १८८० च्या उत्साहात 'त्याग' हा शब्द सर्वांनी एकमुखाने उच्चारला. त्याचा अर्थ मात्र प्रत्येकाने मनातल्या मनात वेगवेगळा लावला. वृत्तपत्र चालवणे हे बाहेरचे काम की संस्थेच्याच ध्येयाचा भाग? 'केसरी'चे काम चालते, मग 'सुधारका'चे का नाही? सार्वजनिक सभेचे का नाही? हे आधी लिहून ठेवले असते तर १८९० मध्ये भांडण नियमाच्या अर्थाविषयी झाले असते. ते झाले माणसांच्या हेतूंविषयी.

१४/ कोणी जाणकार येथे आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे: खरा झगडा सामाजिक सुधारणेचा होता. आगरकर आणि टिळक यांची मते दुरावली होती. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला आणि त्याच्या इंग्रजी भागाची बाजू गोखल्यांनी सांभाळली. हे सारे खरे. परंतु मतभेद असूनही संस्था टिकू शकते. त्यासाठी मतभेद आणि हिशेब यांच्यामध्ये एक भिंत हवी. सोसायटीत ती नव्हती, म्हणून विचारांचे भांडण वेळापत्रकाच्या आणि पैशाच्या भांडणात उतरले, आणि पैशाच्या भांडणाला विचारांची धार चढली.

१५/ याच सोसायटीत दुसरेही एक उदाहरण घडले. टिळकांनंतर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवण्यासाठी मुरूडचे कर्वे आले आणि तेही आजीव सभासद झाले. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्याच गावाने त्यांना वाळीत टाकले. यापूर्वी याच गावासाठी त्यांनी बाहेरगावी नोकरीव्यवसाय करणाऱ्या मुरूडकरांकडून वर्गणी जमवून 'मुरूड फंड' उभा केला होता. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. शिकवणी संपवून ते हिंगण्याची वाट पायी तुडवीत असत.

१६/ म्हणजे कर्व्यांचेही 'बाहेरचे काम' होतेच, आणि ते लहान नव्हते. तरीही त्यांच्याकडे बोट दाखवणे अवघड, कारण त्या कामातून त्यांच्या घरात काही येत नव्हते, जातच होते. यावरून नियमाची एक रेषा हाती लागते. सभासदाने बाहेर काम करावे की नाही, हा दुय्यम प्रश्न. त्या कामातून लाभ कोणाला होतो आणि तो लाभ संस्थेच्या नावावर मिळतो का, हा मुख्य प्रश्न. आमच्या गुरुजींनी मला नेमके हेच विचारले होते.

१७/ पहिला वाद वेळेचा आणि पैशाचा. दुसरा मतांचा. १८९५ च्या जुलैमध्ये सार्वजनिक सभेच्या व्यवस्थापक मंडळाची निवडणूक झाली आणि टिळकपक्षाला बहुमत मिळाले. रानड्यांनी दोन दशके जोपासलेली सभा त्यांच्या अनुयायांच्या हातून गेली. गोखले बाहेर पडले. १८९६ मध्ये रानडे आणि गोखले यांनी डेक्कन सभा नावाची नवी संस्था काढली. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले ते याच सभेच्या वतीने.

१८/ नव्या मंडळाने नुसती सत्ता घेतली आणि काम केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १८९६ च्या दुष्काळात सभेचे कार्यकर्ते खेडोपाडी गेले आणि दुष्काळाच्या कायद्याने आपल्याला कोणत्या सवलती मिळतात हे शेतकऱ्यांना सांगू लागले. मोठे काम होते ते. सरकारला ते रुचले नाही आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. एका शहरात आता दोन सभा होत्या. एकीपाशी लोक होते, पण सरकारदरबारी तिच्या अर्जाला किंमत नव्हती. दुसरीची सरकारदरबारी दाद लागे, पण तिच्यामागे पूर्वीचा लोकसमुदाय नव्हता. बहुमत मोजून झाले आणि दोन्ही पक्ष दुबळे झाले.

१९/ बहुमताने निवडून येण्यात अनीती नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. पण स्वयंसेवी संस्थेत बहुमताला एक मर्यादा असते. कंपनीत पराभूत भागधारक आपला भाग विकून जातो. राज्यात पराभूत पक्ष पुढच्या निवडणुकीपर्यंत विरोधात बसतो. स्वयंसेवी संस्थेत पराभूत माणूस घरी जातो, आणि जाताना वीस वर्षांची माहिती, ओळखी आणि श्रम घेऊन जातो. त्याला थांबवण्यासाठी आपल्यापाशी पगार नसतो. म्हणून जिंकलेल्याने हरलेल्यासाठी जागा ठेवणे, हा तेथे उदारपणा राहत नाही. तो कारभाराचा भाग होतो.

२०/ आता या धाग्यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. १२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजे भारत सेवक समाज, स्थापन केला. प्रवेश करणाऱ्याला पाच वर्षांचे शिक्षण आणि सात प्रतिज्ञा. देशाचा विचार प्रथम करणे, जातिधर्माचा भेद न करता सर्व भारतीयांना बंधू मानणे, इत्यादी. त्यातली एक अशी की संस्था देईल त्या निर्वाहात समाधान मानीन आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्तीचा कोणताही अंश खर्चणार नाही. आणखी एक अशी की कोणाशीही व्यक्तिगत भांडण करणार नाही.

२१/ पुन्हा वाचा. १८९० मध्ये टिळकांनी जे मागितले होते, ते १९०५ मध्ये गोखल्यांनी स्वतःच्या संस्थेच्या प्रतिज्ञेत लिहिले. शिवाय त्या वादाची आणि पुढच्या दशकाची जी जखम होती, व्यक्तिगत कलहाची, तिच्यावरही एक प्रतिज्ञा बांधली. हा टिळकांचा विजय आणि गोखल्यांची माघार, असा अर्थ मी काढत नाही. पंधरा वर्षे समित्यांत घालवलेल्या माणसाने, प्रतिपक्षाच्या म्हणण्यातला खरा भाग ओळखून, तो योग्य जागी नेऊन ठेवला. योग्य जागा म्हणजे दाराशी. आत येणाऱ्याने आधी वाचावे, मग यावे. मध्येच कोणी कोणाच्या त्यागाचे माप काढू नये.

२२/ प्रतिज्ञांनी सारे प्रश्न सुटतात, असे नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले वारले. नुकतेच भारतात परतलेले गांधीजी या समाजात येऊ इच्छीत होते. त्यांच्या आणि समाजाच्या कार्यपद्धतीत अंतर होते आणि सभासदांत दुमत झाले. मतदानापर्यंत ताणण्याऐवजी गांधीजींनी आपला अर्ज मागे घेतला. संबंध मात्र स्नेहाचे ठेवले. १८९५ ची सभा आणि १९१५ चा हा अर्ज शेजारी ठेवून पाहावेत. आपल्या प्रवेशाने संस्था दुभंगणार असेल तर दाराबाहेर राहणे, हीही संस्थेची सेवाच आहे.

२३/ हे प्रश्न केवळ आपले नाहीत. अमेरिकेत १९८० मध्ये 'सोसायटी फॉर बिझनेस एथिक्स' ही व्यवसायनीतीच्या अभ्यासकांची संस्था निघाली. १९९१ पासून तिचे त्रैमासिक प्रसिद्ध होत आहे. अशा विद्वत्संस्थांचे पुष्कळसे काम प्राध्यापक मंडळी आपली नोकरी सांभाळून करतात. परिषदेसाठी निबंध निवडणे, लेखांचे परीक्षण, पारितोषिके, निवडणुका, यांच्या समित्या असतात. गंमत पाहा: जगाला व्यवहाराची नीती शिकवणाऱ्यांनाही प्रथम ठरवावे लागते की आपल्याच विद्यार्थ्याच्या निबंधावर निर्णय देताना खोलीबाहेर जायचे की नाही. नीतीच्या अभ्यासकांनाही नियम लागतात. मग इतिहासाच्या अभ्यासकांना का नकोत?

२४/ कोणी म्हणेल, कायदा आहे की. आहे. संस्थांच्या नोंदणीचा कायदा १८६० चा, सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा आपल्याकडचा कायदा १९५० चा. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. पण कायदा ताळेबंद पाहतो. गटातील एकाने मंडळाच्या नावावर व्याख्यान दिले, दुसऱ्याने गोळा केलेली कागदपत्रे तिसऱ्याने श्रेय न देता छापली, चौथ्याने निवडणुकीच्या तोंडावर आपले वीस नातलग सभासद केले, या गोष्टी ताळेबंदात दिसत नाहीत. त्या पाहायच्या त्या आपणच.

२५/ आपल्या कोकणाला हे शिकवायला बाहेरच्या कोणी यायला नको. गावोगावच्या गावकीत शिमग्याला पालखीचा आणि सणाचा हिशेब चारचौघांत मांडला जातो. चाकरमान्यांच्या ग्रामस्थ मंडळांनी मुंबईतल्या चाळींच्या खोल्यांत बसून वहीत वर्गण्या लिहिल्या आणि त्यातून गावाकडे शाळा, विहिरी, देवळे उभी राहिली. 'हिशेब वाचा' असे म्हणणाऱ्याला तेथे कोणी भांडखोर समजत नाही. न वाचणाऱ्यालाच लोक विचारतात. वाळीत टाकण्याची दुष्ट रीतही याच गावकीत होती, हे विसरू नये. कर्व्यांनी ती सोसली. तिची रीत सोडावी, वही घ्यावी.

२६/ आता तरुण मित्रांसाठी माझे मत, मोजक्या शब्दांत. तुम्ही दुर्गसंवर्धनाचा गट चालवत असाल, मोडी वाचनाचा वर्ग किंवा वीरगळांच्या नोंदी घेणारे मंडळ, तर भांडण नसताना तीन गोष्टी लिहून ठेवा. पहिली: संस्थेच्या नावावर मिळालेले मानधन, छायाचित्रांचे पैसे, पुस्तकाचे उत्पन्न कोणाचे? दुसरी: नवा सभासद किती काळ काम केल्यावर मत देऊ शकतो? तिसरी: ज्याचा स्वतःचा संबंध आहे त्याने त्या निर्णयाच्या वेळी बोलावे की उठून जावे? एक पान पुरेल. आणि प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त लिहा. आज ते नीरस वाटेल, पण उद्या इतिहासाचे साधन तेच होईल.

२७/ यावरचा नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे: "नियम आले की आपलेपणा गेला." मी स्वतः हेच म्हणत होतो. आता वाटते की आपलेपणा जातो तो नियम नसताना. कारण तेव्हा साधा प्रश्नही आरोपासारखा ऐकू येतो. गुरुजींचा प्रश्न मला आरोप वाटला. पानावर नियम असता तर तो केवळ प्रश्न राहिला असता. त्यागाच्या भावनेने संस्था जन्मतात, हे खरे. परंतु दुसऱ्याच्या त्यागाचे माप जो तो स्वतःच्या त्यागाने काढू लागला की त्या मोडतात.

२८/ आमच्या मंडळाचे पुढे काय झाले? त्या दोन सभासदांच्या घरी मी गेलो. एक परत आले, एक अजून आलेले नाहीत. आम्ही एक पान लिहिले. मंडळाच्या नावाने मिळालेल्या मानधनातून प्रवासखर्च वजा करून उरलेली रक्कम मंडळाची, असे त्यात ठरले. ठराव मीच मांडला. अनुमोदन गुरुजींनी दिले. पाकिटातली रक्कमही मी जमा केली. ती अजून खर्च झालेली नाही. तिच्यातून कोतळूक, चिखलगाव आणि शेरवली अशी एक फेरी काढण्याचा बेत आहे.

२९/ शेवटी एक दृश्य. १९१५ मध्ये गोखल्यांच्या अंत्यविधीला टिळक उपस्थित राहिले आणि त्यांनी गौरवपर भाषण केले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याच्या चिटणीसपदावर हरकत घेतली, वीस वर्षांपूर्वी ज्याच्या हातून सभा काढून घेतली, त्या माणसाची थोरवी त्यांनी जाहीरपणे सांगितली. हे वाचताना माझे मन भरून येते आणि खंतही वाटते. दोघांना एकमेकांचे मोल ठाऊक होते. उणीव होती ती आरंभी, सारे मित्र असताना, लिहून ठेवायच्या एका पानाची.

३०/ आपल्या मंडळात असे पान आहे का? असेल तर त्यात काय लिहिले आहे ते खाली अवश्य सांगा; इतरांना उपयोगी पडेल. नसेल तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत पहिला विषय तोच ठेवा. धागा संपला.